मुलासाठी घेतलंय का?

माझा रेल्वेचा पास कल्याणचा आहे. राहते डोंबिवली पूर्वेला, ऑफिस घाटकोपरला, म्हणजे कल्याणशी माझा तसा काही संबंध नाही. पण सकाळी डोंबिवलीला गाडीत शिरता येणं हीच मोठी गोष्ट, बसायला मिळणं तर दूरच. म्हणून आमच्याकडच्या पुष्कळ जणी करतात तेच मी करते. उलट दिशेची गाडी धरायची, ठाकुर्लीवरून कल्याणला जायचं, उतरायचंच नाही, आणि तीच गाडी परत फिरली की आरामात बसून यायचं. याला आम्ही रिटर्न मारणं म्हणतो. यात रोज अर्धा तास जास्त जातो. बाकीच्या जणी तो झोपेला देतात. मी खेळायला देते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून मी निन्टेन्डो स्विच घेतला. पहिल्याच आठवड्यात गाडीत पर्समधून तो बाहेर काढला, तर समोर बसून मटार सोलणाऱ्या काकूंनी दोन मिनिटं नीट बघितलं आणि विचारलं, "मुलासाठी घेतलंय का?"

मी म्हटलं, "हो, भाच्यासाठी."

खोटं होतं. म्हणजे पूर्ण खोटंही नव्हतं, आणि घोळ तिथेच आहे. "मोठ्यांसाठी कोणता हँडहेल्ड घ्यावा आणि लहान मुलांसाठी कोणता" या प्रश्नावर यूट्यूबवर तासन्‌तास व्हिडिओ सापडतात. त्यांत स्क्रीनचा आकार असतो, बॅटरी असते, किंमत असते. पण आपल्या घरांत हा प्रश्न असा स्वच्छ दोन भागांत येतच नाही. आपल्याकडे मोठं माणूस खेळणं घेतं ते लहान मुलाच्या नावावर. मग जे घरी येतं ते धड मोठ्याच्या कामाचं नसतं आणि धड मुलाच्याही. या लेखात मी काही यंत्रांबद्दल आणि काही गेम्सबद्दल मत देणार आहे, पण ते देताना हा घोळ बाजूला ठेवता येणार नाही, कारण माझी पहिली निवड त्यामुळेच चुकली.

*

मी घेणार हे कळल्यावर ठाण्याहून वहिनीचा फोन आला. दादा-वहिनी घोडबंदर रोडला राहतात. भाचा तेव्हा पाचाचा होता आणि समोर फोन असल्याशिवाय त्याच्या तोंडात घास जात नव्हता. वहिनी म्हणाली, "ताई, घेताच आहात तर दोघांना चालेल असं घ्या ना. तुम्ही किती खेळणार? नंतर त्याला होईल." आईने तर एवढ्या पैशांत एखादं वळं झालं असतं असं सांगून विषय संपवला होता. दादा काही बोलला नाही. त्याचा अबोला म्हणजे वहिनीला अनुमोदन, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

बाबा रविवारी चार-चार तास पत्ते खेळायचे, दादा अजून टर्फवर बॉक्स क्रिकेटला जातो, सोसायटीत कॅरम वर्षभर मांडलेला असतो. या सगळ्याला कुणी खेळणं म्हणत नाही. बटणं आणि स्क्रीन आली की मात्र खेळणारी व्यक्ती किती वर्षांची आहे याचा हिशोब सुरू होतो, आणि ती बाई असेल तर तो जरा लवकर सुरू होतो. ठाण्यातल्या ज्या दुकानात मी गेले, तिथल्या मुलानेही पहिला प्रश्न हाच विचारला: "मॅडम, मुलगा किती वर्षांचा आहे?" मी पाच सांगितलं. त्याने लगेच स्विच लाइटचा डबा काढून ठेवला. छोटा आहे, हलका आहे, रंगीत आहे, लहान मुलांसाठी हाच.

हा सल्ला तुम्हाला कुठेही मिळेल. माझ्या मते तो बरोबर उलटा आहे.

*

त्याआधी थोडं मागे जाते. माझ्या पिढीचा पहिला हँडहेल्ड म्हणजे पाण्यातल्या रिंगांचा गेम. प्लास्टिकच्या चौकोनात पाणी, एक बटण दाबलं की बुडबुडे, आणि त्या बुडबुड्यांवर रिंगा उडवून काड्यांत अडकवायच्या. सेल लागत नव्हते. मग आला ब्रिक गेम. डब्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत डझनभर खेळ वेगवेगळ्या वेगात पुन्हा पुन्हा यायचे. दोन पेन्सिल सेल, राखाडी पडदा, त्याला आतून उजेड नाही. मावशीकडे दादरला जाताना फास्ट लोकल तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगदा आला की डब्यातल्या पिवळट दिव्यात पडद्यावरचं काही दिसेनासं व्हायचं, पण विटा पडतच राहायच्या. त्यांचा आवाज यायचा. मी अंदाजाने बटणं दाबत राहायचे आणि कळव्याच्या बाजूला उजेडात आलो की किती पडझड झाली ते कळायचं. गेम थांबवायचं बटण होतं, पण ते दाबणं म्हणजे हार मानणं असं दादाने ठरवलं होतं.

या सगळ्याचा उगम ट्रेनमध्येच आहे असं सांगतात. निन्टेन्डोत खेळणी बनवणारे गुनपेई योकोई एकदा बुलेट ट्रेनने चालले होते. शेजारचा कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगीच दाबत बसला होता. त्यावरून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली आणि १९८० साली 'गेम अँड वॉच' आला. म्हणजे गोष्ट सुरू होते ती मोठ्या माणसाच्या प्रवासातल्या कंटाळ्यापासून, त्यात मूल कुठेच नाही. १९८९ च्या 'गेम बॉय'मध्येही योकोईंनी मुद्दाम जुनं, स्वस्त, रुळलेलं तंत्र वापरलं. पडद्याला रंग नाही, उजेड नाही, पण चार पेन्सिल सेलवर तो कितीतरी तास चालायचा. त्याच्यासमोर १९९० मध्ये सेगाचा 'गेम गिअर' आला तो रंगीत, उजळ आणि सहा सेल काही तासांत संपवणारा. कोण टिकलं ते सगळ्यांना माहीत आहे.

योकोईंच्या गोष्टीत एक बारीक मुद्दा मात्र आहे: तो माणूस बसलेला होता. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून हा सगळा इतिहास वाचला तर हसू येतं. एक हात वरच्या कडीला आणि एक पर्सवर असताना कुठलाच हँडहेल्ड चालत नाही. हँडहेल्ड म्हणजे दोन हातांचं यंत्र, आणि दोन्ही हात मोकळे असण्यासाठी आधी सीट लागते. माझ्या कन्सोलच्या किमतीत कल्याणच्या पासातला फरकही धरायला हवा.

*

आता यंत्रांकडे. बाजारात आज ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला, लॅपटॉप हातात धरल्यासारखा. व्हॉल्व्हचा 'स्टीम डेक' २०२२ मध्ये आला, वजन ६६९ ग्रॅम. आपल्याकडे तो अधिकृतपणे मिळत नाही. असूसचा 'आरओजी अ‍ॅलाय' मात्र २०२३ मध्ये इथे रीतसर आला, ६०८ ग्रॅम आणि ६९,९९० रुपये. एका मैत्रिणीच्या नवऱ्याचा अ‍ॅलाय मी दोन दिवस वापरला. ताकदवान आहे, पण आत विंडोज आहे. खेळायला बसावं आणि अपडेट समोर यावं, म्हणजे ऑफिस पाठोपाठ घरी आल्यासारखं वाटतं. घरी सोफ्यावर, पाठीला उशी घेऊन, हेडफोन लावून खेळणाऱ्या मोठ्या माणसासाठी हे उत्तम यंत्र आहे. पाच वर्षांच्या हातात देण्याचा प्रश्नच नाही, मनगट दुखेल.

दुसरा प्रकार जुन्या गेम्सचा. मियू, अ‍ॅनबर्निक अशा चिनी नावांची छोटी, देखणी यंत्रं असतात. काही विक्रेते त्यात हजारो जुने गेम भरूनच देतात. त्यातले बहुतेक परवानगीशिवाय उतरवलेले असतात, हे घेणाऱ्यालाही माहीत असतं. याच जातीचा गरीब भाऊ म्हणजे स्टेशनबाहेर मिळणारा चारशे-इन-वन. मी भाच्याला आधी तोच नेऊन दिला होता, तीन-चारशे रुपयांत. त्याने पहिला गेम लावला. चाळीस सेकंदांनी दुसरा. मग तिसरा. अर्ध्या तासात त्याने साठ-सत्तर गेम 'बघितले', एकही खेळला नाही, आणि शेवटी चिडून यंत्र सोफ्यामागे टाकलं. हरला की शिकायचं कशाला, पुढचा आहेच. आम्ही ९९९९ मधल्या एकाच गेमवर महिने काढले, कारण बाकीचे बहुतेक तेच ते होते हे आम्हाला लवकर कळलं होतं. ज्याने गेम बॉयवर लहानपण काढलंय, त्या मोठ्या माणसाला ही यंत्रं आठवणींचं कपाट म्हणून ठीक आहेत. ज्याच्याकडे अजून आठवणीच नाहीत त्याला कपाट देऊन काय उपयोग?

तिसरा प्रकार निन्टेन्डोचा, आणि खरी तुलना इथेच आहे. साधा स्विच २०१७ चा: ६.२ इंची पडदा, बाजूचे दोन्ही कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन, निघतात, मागे टेकू आहे, टीव्हीला जोडता येतो. स्विच लाइट २०१९ चा: ५.५ इंची पडदा, २७५ ग्रॅम, सगळं एकसंध. बाजू निघत नाहीत, टेकू नाही, टीव्हीला लागत नाही. २०२५ मध्ये स्विच २ आला, त्याचा पडदा ७.९ इंची आहे आणि त्याच्याही बाजू निघतात. यांतलं काहीच निन्टेन्डो भारतात स्वतः विकत नाही. मिळतं ते बाहेरून आलेलं, आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द.

लाइट हा लहान मुलांचा, हे सगळे आकारावरून ठरवतात. पण त्याची रचना काय सांगते ते बघा. दोन्ही हात त्याच्यात गुंततात, पडदा एकाच चेहऱ्यापुरता आहे, शेजारच्याला काही दिसत नाही. वेगळे कंट्रोलर विकत घेऊन जोडता येतात, पण मग यंत्र कशाला टेकवायचं आणि एवढ्याशा पडद्यावर दोघांनी काय बघायचं? हे एकट्याने, बसून, गर्दीत खेळण्याचं यंत्र आहे. योकोईंच्या त्या नोकरदाराचं. शिवाय मुलं बटणं ज्या जोराने दाबतात, त्यात काडी खराब झाली तर साध्या स्विचचा एक जॉय-कॉन बदलता येतो. लाइटचं सगळं यंत्रच उघडावं लागतं.

आणि मोठा, महाग, 'मोठ्यांचा' वाटणारा स्विच? त्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा मुलाच्या हातात बरोबर बसतो, दुसरा तुमच्या. टीव्हीला लावला की घरातले सगळे एकाच दिशेला बघतात. मूल खेळतंय हे स्वयंपाकघरातूनही दिसतं.

खरोखर लहान मुलांच्या हातांचा विचार करून बनवलेला हँडहेल्ड मला एकच आठवतो, २०१३ चा निन्टेन्डो २डीएस. आधीच्या ३डीएसमधल्या त्रिमितीय चित्राबद्दल सहा आणि त्याखालच्या मुलांना वापरू देऊ नका अशी सूचना होती. म्हणून २डीएसमधून ते काढलं, आणि घडीची बिजागरीही काढली. राहिला तो पाटीसारखा एक जाड तुकडा. दिसायला बोजड, पण पडला तर तुटायला फारसं काही नाही. आता तो बनत नाही.

*

साधा स्विच मी घेतला, तो हे सगळं कळून नाही. दोघांना चालेल म्हणून घेतला. पहिले दोन महिने तो माझ्या पर्समध्ये होता. कार्ट्रिज गिळू नये म्हणून तिच्यावर डेनाटोनियम बेन्झोएट नावाचा कडू लेप असतो हे वाचलं होतं, आणि भाच्याच्या हातात देण्याआधी मी जिभेला लावून बघितली. कारलं परवडलं. घाटकोपर येईपर्यंत चव गेली नाही.

गाडीत मी 'स्टार्ड्यू व्हॅली' खेळायचे. आजोबांचं ओसाड शेत नातवंडाला मिळतं, ते कसायचं. तिथला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा असतो, त्यामुळे ठाणे यायच्या आत एक दिवस मावळायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या रोपांना पाणी घालणं सुरू व्हायचं. नोकरीला जाताना शेतमजुरी करायची, यात काय मजा असं माझ्या मैत्रिणीने विचारलं. मला वाटतं मजा हीच की तिथे काम केलं की ते झालेलं दिसतं. माझ्या ऑफिसात तसं नाही. आणि स्टेशन आलं की वरचं बटण दाबायचं, शेत आहे तिथे गोठतं, संध्याकाळी तिथूनच सुरू. मोठ्या माणसाच्या हँडहेल्डमध्ये मी सगळ्यात आधी हे बघेन: तुमचा वेळ तुकड्यातुकड्यांत मिळतो हे यंत्राला मान्य आहे का? पडदा किती उजळ आहे हे त्यानंतर.

लहान मुलाचं उलट असतं. त्याला मध्येच थांबता येण्यापेक्षा संपणं महत्त्वाचं असतं. भाच्याच्या फोनवरच्या फुकट गेम्सना शेवट नव्हता. एक पातळी झाली की जाहिरात, जाहिरात दुसऱ्या गेमची, त्याला वाचता येत नसल्याने तो दिसेल ते दाबायचा आणि दुसऱ्याच गेममध्ये जायचा. त्या गेम्समध्ये तो सतत जिंकत होता. प्रत्येक दाबाला नाणी, टाळ्या, फटाके. आणि फोन काढून घेतला की जे रडणं व्हायचं ते हरलेल्या मुलाचं नव्हतं, मध्येच उठवलेल्या माणसाचं होतं.

मे महिन्यात तो डोंबिवलीला राहायला आला तेव्हा मी 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' लावला. त्यात गाडी रस्त्याबाहेर पडू न देणारी मदत सुरू ठेवता येते. तीन फेऱ्यांची शर्यत, काही मिनिटांत खरोखर संपते. तो बारा जणांत अकरावा आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, मी एकाला हरवलं." फोनवर हजारदा जिंकून त्याने हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं.

पण माझ्या दृष्टीने मोठं-लहान एकत्र खेळण्याचा सगळ्यात नेमका विचार 'सुपर मारिओ ओडिसी'त आहे. २०१७ चा गेम. दोघं खेळले तर एक जण मारिओ होतो आणि दुसरा त्याच्या डोक्यावरची टोपी. टोपीला उडता येतं, शत्रूला मारता येतं, आणि ती दरीत पडत नाही. चालायचं मारिओने. भाचा टोपी, मी मारिओ. फडके रोड ओलांडताना तो माझा हात धरून उड्या मारतो, पण रस्ता मी बघते, तसंच काहीसं. त्याचं काम खोटं नाही, त्याच्यावाचून माझं अडतं, आणि त्याच्या चुकीने आम्ही मरत नाही. पडद्यासमोर बसवून मूल गप्प करणं आणि मुलाबरोबर खेळणं, यातला फरक मी कुणाला समजावत बसणार नाही, हा गेम अर्धा तास खेळून बघा म्हणेन.

'राजी' या गेमबद्दलही बोलायला हवं, कारण तो आपल्या इथला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, ऑगस्ट २०२० मध्ये आला, आणि आला तो सर्वांत आधी स्विचवर. म्हणजे पुण्यात बनलेला गेम, जे यंत्र इथे अधिकृतपणे विकलंच जात नाही त्यावर. राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधत निघते. महाल आणि मंदिरं बघत राहावीत अशी आहेत, मधल्या कथा छायाबाहुल्यांतून येतात. मारामारी मात्र अडखळते, बटण दाबणं आणि राजीने वळणं यात तालच लागत नाही. मला तरीही आवडला. भाच्याला नाही. भाऊ पळवला जातो त्या पहिल्याच प्रसंगात त्याने जॉय-कॉन खाली ठेवला आणि आईला फोन लावायला सांगितलं. 'आपल्या संस्कृतीचा' म्हणून मुलाला द्यायचा हा गेम नाही, तो मोठ्यांचा आहे. वय बघायचं ते गोष्टीचं, पात्राचं नाही.

आणि पाचाच्या आतल्या मुलांचं विचाराल तर माझं उत्तर: कुठलाच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे, कमी असेल तर बरं, आणि वर्षाच्या मुलांना तर अजिबात नाही. तो तास बहुतेक घरांत दुपारच्या जेवणापर्यंतच संपलेला असतो. त्यावर आणखी एक यंत्र आणून काही सुधारणार नाही. पाण्यातल्या रिंगांचा गेम अजून मिळतो.

*

मे महिना संपला आणि भाच्याबरोबर स्विचही ठाण्याला गेला. "दोन दिवसांसाठी," वहिनी म्हणाली. मला राग आला होता, पण कुणावर काढणार? मी स्वतःच भाच्यासाठी घेतला म्हणून डबाभर बायकांना सांगत होते. माझं शेत त्या यंत्रात होतं. जूनमध्ये मी फोन करून विचारलं तर दादा म्हणाला, "अगं, तो रोज जेवणानंतर माझ्याबरोबर खेळतो, आता काय काढून घेतेस?" जेवणानंतर, जेवताना नाही, हे माझ्या लक्षात आलं. दादा स्वतः खेळतो हेही. त्याला कुणी कधी विचारलं नसणार. त्याच्याकडे मुलगा आहे.

पुढचं सव्वा वर्ष मी पैसे साठवले आणि त्याच दुकानात गेले. मुलगा तोच होता. "मॅडम, मुलगा किती वर्षांचा?" मी म्हटलं, "माझ्यासाठी हवाय. लाइट." त्याने डबा काढला, किंमत सांगितली, आणखी काही विचारलं नाही. शेत पहिल्यापासून लावलं.

गेल्या गणपतीत सगळे डोंबिवलीला आले होते. भाचा आता आठाचा आहे. आरतीनंतर माझ्या खोलीत येऊन त्याने टेबलावरचा लाइट उचलला, उलटा केला, आणि दोन्ही बाजूंच्या फटीत नख घालून बघायला लागला.

"आत्या, हे निघत नाही?"

"नाही."

"मग दुसऱ्याने काय करायचं?"

"यात दुसरा नसतो."

त्याने थोडा वेळ विचार केला. मग लाइट होता तिथेच ठेवला आणि बाहेर आजोबांचे पत्ते कुठे ठेवलेत ते आजीला विचारायला गेला.